निजसुरे सरांचा दुसरा मंगळवार

मालिकेतली एखादी बाई अर्धा प्यालेला चहा खाली ठेवते आणि पुन्हा उचलते तेव्हा कप काठोकाठ भरलेला असतो. असं काही दिसलं की आमच्या घरात सगळे खो खो हसतात. "झोपले होते वाटतं सगळे," असं आमचे हे म्हणतात आणि लगेच माझ्याकडे बघून गप्प होतात. मला अशा वेळी हसू येत नाही, ओशाळल्यासारखं होतं. त्या कपामागे कॅमेऱ्याच्या पलीकडे कोणी मुलगी उभी असेल, तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली असतील, आणि तिचा बाप शनिवार पेठेत टीव्हीसमोर मान खाली घालून बसला असेल, असं डोळ्यांपुढे येतं. तो बाप म्हणजे आमचे निजसुरे सर.

सरांनी मला आठवी ते दहावी भूमिती शिकवली. पुढे लग्न होऊन मी ज्या सोसायटीत आले तिथे वरच्याच मजल्यावर सर निघाले. सासरी पहिल्या दिवशी जिन्यात ते समोर आले तेव्हा मी नवी साडी सावरत भिंतीला चिकटून उभी राहिले. सासूबाईंना वाटलं, सून फार मर्यादशील आहे.

उंच, सडपातळ माणूस. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. जाड भिंगांचा चष्मा. तो पुसायला धोतराच्या मऊ कापडाचा एक तुकडा कायम खिशात. वर्गात सरांनी तो तुकडा बाहेर काढला की समजायचं, आता कोणाचं तरी काही खरं नाही. चष्म्याशिवाय त्यांना हाताच्या अंतरावरचं माणूसही धड दिसायचं नाही, पण चष्मा लावला की त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. पोळीची घडी काटकोनात, वर्तमानपत्राची घडी काटकोनात, आणि बोलणंही तसंच. सकाळी कोणी विचारलं, "काय सर, फिरायला?" तर म्हणायचे, "नाही, जिना आहे का ते बघायला." ज्याला चार शब्द सुनवायचे त्याला ते 'आपण' म्हणत आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला 'तू'. नवीन माणूस 'आपण'ने सुखावायचा. जुने लोक पुढचं ऐकायला थांबायचे.

"पायरी कुठाय?" हा सरांचा आवडता प्रश्न. भूमितीच्या सिद्धतेत एका विधानावरून दुसऱ्यावर जाताना मधलं कारण लिहायचं राहिलं, की फळ्यावर बोट ठेवून विचारायचे, "पायरी कुठाय? उडी मारलीस?" पूर्वपरीक्षेत माझी एक सिद्धता अगदी बरोबर होती, फक्त एक कारण लिहायचं राहिलं होतं. सरांनी अर्धा गुण कापला. तेवढ्यावरून माझा पहिला नंबर गेला. आई शाळेत भेटायला गेली. सरांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "आपण आलात, बरं वाटलं. पण मुलीला येत होतं हे मलाही माहीत आहे. लिहिलं नाही, हे तिलाही माहीत आहे. आता तिसऱ्या माणसाने काय करायचं?" आई घरी येऊन मलाच रागावली.

आमची इमारत पाडून नवी बांधली तेव्हाची गोष्ट तर पेठेत अजून सांगतात. सर रोज संध्याकाळी लाकडी गुण्या घेऊन बांधकामावर जायचे. न्हाणीघराच्या कोपऱ्याला तो लावून बिल्डरच्या माणसाला म्हणाले, "आपला हा कोन काटकोन नाही." तो म्हणाला, "काका, फरशी बसली की कळणारपण नाही." सर म्हणाले, "आपल्याला कळणार नाही. मला रोज आंघोळीला इथेच यायचंय." भिंत पाडून पुन्हा बांधली. पण त्या घरात ती आंघोळ सरांना मनासारखी लाभली नाही. राहायला गेले त्याच वर्षी निजसुरे काकू गेल्या, आणि वर सर आणि त्यांची एकुलती एक मुलगी केतकी, असे दोघेच उरले.

केतकी गोड मुलगी होती, पण सतत दचकलेली. लहानपणी आमच्याकडे खेळायला आली की आधी स्वतःची चित्रं लपवायची. तिच्या गृहपाठाच्या वहीत बाईंच्या लाल खुणांच्या शेजारी सरांच्या वेगळ्या खुणा असायच्या. बाईंच्या नजरेतून सुटलेल्या चुकांच्या. पुढे ती इंजिनिअरिंगला गेली आणि तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून दिलं. एवढंच आम्हाला कळलं. मग दिसेनाशी झाली. सर जिन्यात सांगायचे, "हडपसरला असते. कंपनीत. लांब पडतं म्हणून तिकडेच राहते." निजसुरे सरांनी सांगितल्यावर तपासून कोण बघणार? आमचा विश्वास बसला.

त्याच सुमाराला 'कालचा पाहुणा' नावाची रहस्यमालिका सुरू झाली. शनिवार-रविवार रात्री आठला लागायची. गोष्ट अशी होती की एका बंगल्याचे मालक अण्णासाहेब चहातून विष घातल्यामुळे मरतात. त्यानंतर त्यांच्या सुनेला, मृण्मयीला, घरातल्या जुन्या फोनवर त्यांचाच फोन येतो. अण्णासाहेब बोलत असतात मागच्या मंगळवारातून, म्हणजे ज्या दिवशी ते मरणार आहेत त्या दिवसातून. मृण्मयी सांगते, "आज चहा घेऊ नका." आता त्यांनी चहा घेतला नाही तर ते मरणार नाहीत, मेले नाहीत तर ती सावध कशाला करेल, आणि सावध केलं नाही तर ते चहा घेणारच. या गुंत्यावर पुणं पेटलं होतं. आमच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी खुर्च्या टाकून शनिवारच्या भागाची चर्चा व्हायची. पुढाकार तळमजल्यावरच्या डॉक्टर पाठकांचा. ते दातांचे डॉक्टर. त्यांचे सिद्धान्त पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकायचे आणि त्यामुळे त्यांना विरोध कधी झालाच नव्हता. फावल्या वेळात ते मालिकांवर व्हिडिओही करायचे.

एका शनिवारी भाग संपल्यावर नावं भराभर वर सरकत होती. त्यात मला 'सातत्य साहाय्य: केतकी निजसुरे' असं दिसलं. मालिकेचे प्रसंग तुकड्या-तुकड्यांनी, उलटसुलट क्रमाने चित्रित होतात. आधीच्या तुकड्यात कोणाच्या हातात काय होतं, पदर कुठल्या खांद्यावर होता, कप किती भरला होता, हे सगळं लक्षात ठेवून पुढच्या तुकड्यात तसंच मांडायचं, हे सातत्यवाल्याचं काम. चुका होऊ नयेत एवढ्यासाठी ठेवलेलं माणूस. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मी डब्यात शिरा घेऊन वर गेले आणि दारातूनच म्हणाले, "सर, केतकीचं नाव पाहिलं!"

सरांनी मला आत घेतलं आणि दार लावलं. कडीही घातली. इतक्या वर्षांत मी त्यांना कडी घालताना पाहिलं नव्हतं.

"खाली बोललीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. पण का? चांगली गोष्ट आहे की."

"कॉलेज अर्धवट टाकलंन् आणि त्या नटनट्यांच्या मागे कप आणि बांगड्या बघत फिरते. पानशेतच्या बाजूला कुठल्याशा बंगल्यात." ते माझ्याकडे बघत नव्हते. "लोकांना मी हडपसर सांगितलंय. तू हडपसरच म्हण."

मी हो म्हटलं. शिरा तसाच टेबलावर राहिला. ज्या माणसासमोर खोटं बोलायची माझी हिंमत झाली नव्हती, तोच माणूस मला खोटं बोलायला विनवत होता. मला त्यांच्यासाठी इतकी लाज वाटली की डबा न घेताच मी खाली आले.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये हशा पिकला होता. आदल्या रात्रीच्या भागात मृण्मयी दिवाणखान्यात बोलत असताना मागच्या भिंतीवरचं घड्याळ एकदा चार दाखवत होतं आणि पुढच्याच वाक्याला अकरा. "कोण बाई ठेवलीय कोण जाणे," डॉक्टर पाठक म्हणाले, "घड्याळही वाचता येत नाही. माझ्या क्लिनिकमधल्या मावशी बऱ्या." सगळे हसले. सर तेव्हा दुधाची पिशवी घेऊन जिन्याकडे चालले होते. ते थांबले. मला वाटलं, आता मान खाली घालून वर जातील. सरांनी खिशातून तो कापडाचा तुकडा काढला आणि चष्मा पुसला.

"डॉक्टर, आपण घड्याळ चुकलं असं गृहीत धरलंत," ते म्हणाले. "कशावरून?"

"म्हणजे काय सर, चार आणि अकरा?"

"पायरी कुठाय? मंगळवारी तिने त्यांना चहा घेऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी नाही घेतला, तर तो मंगळवार वेगळा झाला. पहिला मंगळवार गेला कुठे? तो घडून गेलेला आहे, पुसता येणार नाही. म्हणजे आता त्या घरात मंगळवार दोन. हे पक्षात मांडा. साध्य काय? घड्याळ बरोबर आहे. सिद्धता: चारची वेळ एका मंगळवारची, अकराची दुसऱ्याची. इति सिद्धम्." आणि दुधाची पिशवी घेऊन ते वर निघून गेले.

पार्किंग अवाक झालं. ज्यांनी आयुष्यात कधी मालिका पाहिली नाही असं सगळे समजत होते, त्यांनी कालप्रवासाचा गुंता दोन मिनिटांत सोडवला होता. डॉक्टर पाठक तर भारावून गेले. एकटी मी खुर्चीत अवघडून बसले होते. सरांनी कोणाची बाजू घेतली ते मला कळलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवणारा माणूस पहिल्यांदाच एक चूक पाठीशी घालत होता आणि ती नेमकी चूक न होऊ देण्याचं काम करणाऱ्या लेकीची.

त्या दिवसापासून सर पार्किंगमध्ये बसायला लागले. त्यांच्यासाठी हाताची खुर्ची ठेवली जायची. मृण्मयीच्या हिरव्या बांगड्या डाव्या हातातून गायब झाल्या, तेव्हा सर म्हणाले, बांगड्या पहिल्या मंगळवारी फुटल्या, दुसऱ्या मंगळवारी नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान बदललं, त्यालाही उत्तर होतं. चहाचा कप तर त्यांनी मोठ्या हौसेने समजावला: एका मंगळवारी अण्णासाहेब चहा पितात, दुसऱ्या मंगळवारी पीत नाहीत, मग कप भरलेला आणि रिकामा दोन्ही दिसणारच. काही चुका इतर कोणालाही दिसलेल्या नसत. नोकराच्या बोटाची पट्टी उजव्या हातावरून डाव्या हातावर गेली, ती फक्त सरांना दिसली आणि त्यांनी स्वतःहून ती मांडून तिची सिद्धताही दिली. कोणी शंका काढायच्या आत उत्तर तयार ठेवावं, असं त्यांना वाटत असावं.

'दुसरा मंगळवार' सोसायटीत रुळला. पाण्याची टाकी भरली का विचारलं तर वॉचमन म्हणायचा, "दुसऱ्या मंगळवारी भरलीय." सर त्यावर हसायचे. त्यांना हसताना मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं. एकदा मी खडकीच्या कारखान्यातल्या माझ्या ऑफिसातून घरी येत होते, तेव्हा ते मला कोपऱ्यावर भेटले. भाजीची पिशवी माझ्याकडे देत हळूच म्हणाले, "आता तिला कोणी काही म्हणत नाही ना?" मी म्हटलं, "नाही सर." ते म्हणाले, "मग बरं." मग आम्ही सोसायटीपर्यंत सोबत चाललो. मला वाटलं, आता हडपसर सुटेल. पण तो प्रश्न मी विचारला नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.

मग डॉक्टर पाठकांनी व्हिडिओ केला. त्यांचा हेतू चांगलाच होता. सरांनी दाखवलेल्या सगळ्या जागा मालिकेतून कापून एकापाठोपाठ एक लावल्या, प्रत्येक जागेवर लाल वर्तुळ काढलं आणि मागे सरांचा आवाज: "पक्ष... साध्य... सिद्धता." आवाज द्यायला सर तयार झाले होते, आपलं नाव मात्र घालू नका म्हणाले होते. व्हिडिओ मराठी माणूस जिथे जिथे आहे तिथे पोहोचला. ओळखीचे, अनोळखी, सगळे एकमेकांना पाठवत होते. माझ्या ऑफिसात मला तो तीन ठिकाणांहून आला. डॉक्टरांनी पार्किंगमध्ये पेढे वाटले. सरांनी पेढा घेतला आणि कागदासकट खिशात ठेवला. केतकीसाठी असावा.

ती पुढच्या रविवारी सकाळीच आली, मोठी बॅग घेऊन. मी वर इडली द्यायला गेले होते. दार उघडंच होतं. सर टेबलाशी, केतकी बॅगेजवळ उभी. मी परत फिरणार तोच ती म्हणाली, "थांब वैशूमावशी. तुला सगळं माहितीये ना? थांब."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

"मला काढलं बाबा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "वाहिनीवरचा कोणीतरी मोठा माणूस आला. मोबाइलवर तुमचा व्हिडिओ लावला. सगळे भाग, सगळ्या जागा, एकापुढे एक. म्हणाला, हे सगळं एकाच मुलीचं काम? लोक हसले. मी पण हसले आधी. मग आवाज ओळखला."

"मी तर तुला सांभाळून घेत होतो," सर म्हणाले. "लोक तुझ्यावर हसत होते, ते मी बंद केलं."

"घड्याळाला हसत होते. दोन दिवसांत विसरले असते. युनिटमध्ये सगळ्यांचंच होतं असं. शॉट दुपारी एक, त्याचा पुढचा तुकडा चार दिवसांनी, मध्ये नटाला मुंबईला जायचं असतं, लाईट जातात. होतं. सगळ्यांनाच माहीत असतं." तिने बॅग भिंतीला टेकवली. "पण ती पट्टी कोणाला दिसली होती, बाबा?"

सरांनी टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी पुन्हा सारखी केली.

"कोणालाही नाही. दिग्दर्शकाला नाही, एडिटरला नाही. फक्त तुम्हाला. तुम्ही आधी शोधलीत आणि मग झाकलीत. माझी उत्तरपत्रिका तपासून तुम्ही त्यांच्या हातात दिलीत."

सरांचा हात खिशाकडे गेला. मला वाटलं, चष्मा पुसायला तुकडा काढतील. बाहेर पेढ्याचा कागद आला. त्यांनी तो परत आत ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. भर वर्गात ज्याचं चुकलं त्या मुलाचे होतात, तसे. आम्ही सगळी मुलं ज्यांच्यासमोर तसे कान लाल करून उभी राहायचो ते सर असे बघायला लागावेत, याची मला शरम वाटली. मी इडल्यांचा डबा ओट्यावर ठेवून निघाले.

खाली पार्किंग भरलेलं होतं. थोड्या वेळाने सरही खाली आले. हाताच्या खुर्चीत बसले नाहीत. वर्गात उभे राहायचे तसे उभे राहिले.

"दुसरा मंगळवार असा काही नव्हता," ते म्हणाले. "घड्याळ चुकलं होतं. बांगड्या चुकल्या होत्या. माझी मुलगी केतकी तिथे हेच काम करत होती. तिच्या हातून राहून गेलं, आणि मी ते लपवायला तुम्हा सगळ्यांना कथा सांगितली. ती हडपसरला कधीच नव्हती. मला तिच्या कामाची लाज वाटत होती, म्हणून मी खोटं सांगितलं. आता मला माझी वाटते."

 डॉक्टर पाठकांनी मोबाइल खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. "सर, हे... हे रेकॉर्ड करू का? म्हणजे लोकांना खरं कळेल."

"करा," सर म्हणाले आणि सगळं पुन्हा एकदा, शब्द न बदलता, बोलले.

वळून पाहिलं तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर केतकी उभी होती. तिने ऐकलं होतं. "मला विचारलंत?" एवढंच ती म्हणाली. "कबुली तुमची, बाबा. चारचौघांत नाव माझं घेतलंत." आणि वर निघून गेली. सर तिथेच उभे राहिले. त्यांच्याकडे कोणी बघेना. आम्ही सगळे आपापल्या चपला बघत होतो.

त्यानंतर जे झालं त्याने सरांची उरलीसुरली रयाही गेली. डॉक्टरांनी कबुलीचा तो व्हिडिओ टाकला आणि त्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही. लोकांनी लिहिलं, हाही खेळाचाच भाग आहे. कोणी लिहिलं, हे सर पहिल्या मंगळवारचे, आधीचे सर दुसऱ्या मंगळवारचे. कबुलीच्या वेळी सरांच्या शर्टाचं मनगटाचं बटण उघडं होतं आणि आधी कधीच नसायचं, हेही आमच्याच सोसायटीतल्या एकाने लाल वर्तुळ काढून दाखवलं. सर खुलासा करायला गेले की त्याची नवी खूण व्हायची. शेवटी मालिकावाल्यांनीही दोन मंगळवारांचाच शेवट करून टाकला. घड्याळ, बांगड्या, कप, पट्टी सगळं आम्ही मुद्दाम पेरलं होतं, असं लेखक मुलाखतीत म्हणाला. त्याला टाळ्या मिळाल्या. केतकीला कोणी परत बोलावलं नाही. ती काही दिवस घरात राहिली. बापलेकीत 'पाणी गरम आहे' आणि 'किल्ली खिडकीत आहे' एवढंच बोलणं व्हायचं. मग मुंबईला एका रोजच्या कौटुंबिक मालिकेत तिला तेच काम मिळालं आणि ती गेली.

सर पार्किंगमध्ये यायचे बंद झाले. मी संध्याकाळी वर जायचे, पोळी-भाजी द्यायचं निमित्त करून. एकदा पोळीची घडी उलगडत ते एकदम म्हणाले, "वैशाली, तसा फोन खरंच असता, मागे बोलता येणारा, तर मी अर्धा गुण देऊन टाकला असता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "असू दे सर, त्या पूर्वपरीक्षेचं आता काय..."

"तुझा नव्हे," सर म्हणाले. "तुझी पायरी राहिलीच होती. मी तिचं म्हणतोय."

मला हसू फुटलं, आणि सरांनाही किंचित. मग त्यांनी मान खाली घातली ती जेवण संपेपर्यंत वर केली नाही.

सर गेल्या वर्षी गेले, झोपेतच. त्याच्या थोडे दिवस आधीचा एक शनिवार मला सारखा आठवतो. मी वर गेले तेव्हा केतकीची मालिका लागली होती. सर पडद्याच्या अगदी समोर, ताठ बसलेले. पडद्यावर सासू देवापुढे निरांजन ओवाळत होती. एका बाजूने दाखवलं तेव्हा तिच्या कपाळाला हळदीकुंकू होतं, दुसऱ्या बाजूने दाखवलं तेव्हा नुसतंच कुंकू.  मी चटकन सरांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तो मांडीवर होता, काड्या मिटून, त्या मऊ कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेला.

"सर, चष्मा?" मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "असंच बरं. रंग दिसतात, माणसं हलताना दिसतात. बायका भांडतात ते ऐकू येतं."

"पण मग बघायचं कशाला?"

"ती रविवारी फोन करते. पहिलं हेच विचारते, बाबा, काही दिसलं का? मला आता खोटं बोलायचं नाहीये. आणि दिसलं म्हणूनही सांगायचं नाहीये." मांडीवरच्या चष्म्यावर हात ठेवून ते म्हणाले, "म्हणून ही सोय."

 मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. भाग संपला. शनिवारी या मालिकेच्या शेवटी नावं येत. सरांनी घाईघाईने तुकडा सोडला, भिंगं पुसली, चष्मा लावला आणि खुर्चीत पुढे झुकले. नावं सरसर वर चालली होती. एका जागी त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी चष्मा काढून पुन्हा तुकड्यात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा परत न्यायला गेले तेव्हा ते फोनवर होते. केतकीचा प्रश्न मला ऐकू आला नाही. सरांचं उत्तर ऐकू आलं.

"दिसलं की," ते म्हणत होते. "तुझं नाव दिसलं."